पाणिनीच्या देशात व्याकरणाला रजा

इयत्ता पहिलीत बालकाच्या पाठीवर किती भाषांचे ओझे असावे, यावर २०२५ साली महाराष्ट्रात मोठे रणकंदन झाले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. विरोध वाढताच १७ जूनला ‘अनिवार्य’ हा शब्द सैल करण्यात आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. कोवळ्या वयात तिसरी भाषा लादू नये, या म्हणण्यात तथ्य होते. पण या साऱ्या कोलाहलात एक प्रश्न कुणीही विचारला नाही. तिसरी भाषा जड होते, मग पहिलीच्या वर्गात २५ वर्षे ठाण मांडून बसलेल्या दुसऱ्या भाषेचे काय? सात समुद्रांपलीकडून आलेल्या इंग्रजीने या २५ वर्षांत मराठी शाळेतील मुलाला नेमके काय दिले, याचा हिशेब कोण मागणार?

हा हिशेब पुण्या-मुंबईच्या सभागृहात बसून मांडता येणार नाही. त्यासाठी यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी यावे लागेल. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. बेंबळेचे धरण याच तालुक्यात आहे. येथील घरांत, शेतांत आणि आठवडी बाजारात वऱ्हाडी बोलली जाते. इंग्रजी येथे कुणाच्याही कानावर सहज पडत नाही. ती पाठ्यपुस्तकातून येते आणि तासाची घंटा झाली की दप्तरात परत जाते. अशा ठिकाणी इंग्रजी ही ‘दुसरी भाषा’ नसून शुद्ध परकी भाषा आहे. परकी भाषा परकी म्हणूनच शिकवावी लागते, म्हणजे तिची घडण, तिचे नियम आणि आपल्या भाषेहून तिचे असलेले वेगळेपण समजावून द्यावे लागते. या समजावून देण्यालाच व्याकरण म्हणतात. आणि नेमके तेच आपण वर्गाबाहेर काढले आहे.

२००० सालापूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवली जात असे. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी ती पहिलीपासून आणली. त्यांचा हेतू वाईट होता, असे कुणीही म्हणणार नाही. श्रीमंतांची मुले बालवाडीपासून इंग्रजी शिकतात, मग बहुजनांच्या मुलांनी पाचवीपर्यंत का थांबावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र चुकले. प्रश्न ‘केव्हा’चा नव्हता, ‘कसे’चा होता. वर्षे वाढवली, पद्धत मात्र पातळ केली. गाणी, चित्रे, हावभाव, चार-दोन ठरलेली संभाषणे यांची रेलचेल झाली. नियम सांगितला तर मूल घाबरते आणि भाषांतर करून घेतले तर ते मराठीतून विचार करू लागते, असे शिक्षकाला बजावण्यात आले. मराठी मुलाने मराठीतून विचार करणे हा दोष कधीपासून झाला?

या पद्धतीचा मुख्य युक्तिवाद असा की, मूल मातृभाषा व्याकरणाविना शिकते, तर इंग्रजीही तशीच शिकेल. वरकरणी हे पटण्यासारखे वाटते. पण साधे गणित मांडून पाहावे. मातृभाषा मुलाच्या कानावर जागेपणीचे सगळे तास पडत असते. आई, आजी, शेजारी, भांडणे, अंगाई, सारे त्याचे शिक्षकच असतात. उलट इंग्रजीच्या वाट्याला दिवसाकाठी एक तासिका येते आणि त्यातही सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलने वजा होतात. पाण्यात पडल्यावर पोहता येते हे खरे, पण त्यासाठी विहिरीत पाणी तरी हवे! जेथे ओंजळभरच पाणी आहे तेथे पोहण्याचे नियमच शिकवावे लागतात. घरात इंग्रजी बोलली जाते त्या मुलाचे व्याकरणावाचून कदाचित अडणार नाही. बाभुळगावच्या शेतमजुराच्या मुलीला मात्र व्याकरणावाचून दुसरा आधारच नाही. तिला दिलेली ही तथाकथित आनंददायी सूट म्हणजे तिच्या हातची काठी काढून घेणे होय. समतेच्या नावाने सुरू झालेल्या उपक्रमाने विषमता घट्ट करावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

व्याकरण रूक्ष असते, हा आणखी एक गैरसमज. ते मराठीच्या अंगणातून शिकवून तर पाहा! आपल्या शालेय व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. इंग्रजीच्या परंपरागत व्याकरणातही नेमक्या याच आठ. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले तेव्हा लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यापुढे होता. म्हणजे दोन भाषांमधला पूल जवळजवळ १९० वर्षांपूर्वीच बांधून झाला आहे. ज्याला मराठीतील आठ जाती पक्क्या येतात त्याचा इंग्रजीतील निम्मा अभ्यास इंग्रजीचे पुस्तक उघडण्यापूर्वीच झालेला असतो. फरक असेल तेथे तो सांगावा. मराठीत ‘झाडाखाली’ म्हणताना ‘खाली’ हा शब्द झाडाच्या मागे येतो, इंग्रजीत त्याच अर्थाचा ‘अंडर’ झाडाच्या पुढे जाऊन उभा राहतो. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते. एवढ्या दोन गोष्टी ध्यानी आल्या तरी वाक्याचा सांगाडा उभा राहतो.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना रडवले. पण गोष्ट सांगून पाहावे. “गावात एक साधू आला. साधू झाडाखाली बसला.” पहिल्या वाक्यातील साधू अनोळखी, म्हणून त्याला ‘अ’. दुसऱ्या वाक्यात तो आपल्या ओळखीचा झाला, म्हणून ‘द’. मराठी या ओळखीसाठी वेगळा शब्द खर्ची घालत नाही, इंग्रजी घालते. किंवा मालकीचे उदाहरण घ्या. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे दोन बैल आहेत’ असा विवेक मराठी करते. भाऊ ही काही मालमत्ता नव्हे! इंग्रजी मात्र भाऊ आणि बैल दोहोंसाठी एकच ‘हॅव’ वापरते. ‘मी सहमत आहे’ याचे ‘आय अॅम अॅग्री’ करणारा विद्यार्थी मठ्ठ नसतो. तो मराठीतील ‘आहे’ प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत असतो. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे, इंग्रजीत ‘अॅग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, म्हणून त्याला ‘अॅम’चा टेकू लागत नाही, हे त्याला मराठीतून दोन मिनिटांत सांगता येते. न सांगितल्यास तो ही चूक निवृत्तीपर्यंत करतो.

आणि आपली वऱ्हाडी! शुद्धतेच्या अहंकाराने जिला वर्गात हसले जाते, ती येथे प्रमाण मराठीहूनही उपयोगी पडते. ‘काय करून राह्यला?’ असा प्रश्न आला की उत्तर येते, ‘जेवून राह्यलो.’ हाच इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ! ‘जेवतो’ आणि ‘जेवून राह्यलो’ यांतील भेद बाभुळगावचे पोर पाळण्यातून शिकून आलेले असते. शिक्षकाने फक्त सांगायचे, बाळा, जेथे तू ‘राह्यलो’ म्हणतोस तेथे बहुधा इंग्रज ‘आयएनजी’ लावतो. मग एक सावधगिरीही द्यायची. ‘मले समजून राह्यलं’ याचे ‘आय अॅम अंडरस्टँडिंग’ करू नकोस, तेथे इंग्रजीला साधा वर्तमानकाळच चालतो. असा शिक्षक मुलाच्या बोलीचा मान राखतो आणि परकी भाषाही पक्की करतो.

मराठी मुलाला व्याकरण झेपत नाही म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘रामाने आंबा खाल्ला’, पण ‘रामाने पोळी खाल्ली’. येथे क्रियापद खाणाऱ्याकडे पाहतच नाही, खाल्लेल्या पदार्थाचे लिंग पाहून रूप बदलते. इंग्रजीत आंबा काय नि पोळी काय, ‘एट’ ते ‘एट’च. कर्मणी प्रयोगाची ही करामत जे मूल पाचव्या वर्षी लीलया करते, त्याला ‘ही गोज’मधला एक शेपटीचा वर्ण जड जावा? पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत अवघी संस्कृत भाषा बांधून दाखवली आणि तिच्यापुढे पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञ नतमस्तक झाले. त्या देशातील मुलांना व्याकरणाची भीती वाटेल म्हणून व्याकरणालाच रजा देणे, हा बुद्धीचा नव्हे, आत्मविश्वासाचा दुष्काळ आहे.

हा वाद आजचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा हट्ट धरून बसले होते. त्यांना बाणेदार विरोध केला तो नाना शंकरशेट यांनी. कर्नल जर्व्हिस हा इंग्रज अधिकारीही त्यांच्याच बाजूचा होता. इंग्रजीला नानांचा विरोध नव्हता, एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचाच पुढाकार होता. ज्ञान जनसामान्यांपर्यंत पोहोचायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ साली मराठीत ‘निबंधमाला’ सुरू करतात आणि १८८० साली टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढतात. आगरकर १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणतात आणि १८८८ साली मराठी वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ लिहितात. लोकमान्य ‘ओरायन’ इंग्रजीत लिहितात आणि ‘गीतारहस्य’ मराठीत. या पिढीचे इंग्रजी इंग्रजांनाही हेवा वाटावा असे होते, कारण तिचा पाय स्वभाषेत रोवलेला होता. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने नंतरच्या पिढ्या घडवल्या. थोडासा नियम, काही शब्द, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत वाक्ये, एवढीच तिची रीत. खेड्यातली मुले कंदिलाच्या उजेडात त्या पाठमालेवर इंग्रजी शिकली.

आज मात्र दोन्हीकडून नागवणूक चालू आहे. मराठी येतेच, म्हणून तिचे व्याकरण शिकवायचे नाही आणि इंग्रजी आपोआप येईल, म्हणून तिचेही शिकवायचे नाही. मग दहावीनंतर तोच मुलगा तालुक्याच्या गावी ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाटीखाली बापाच्या कापसाचे पैसे मोजतो. जे शाळेत फुकट मिळायला हवे होते ते बाजारात विकत घ्यावे लागते. आणि पालक निष्कर्ष काढतात, मराठी शाळाच वाईट! पटसंख्या घसरते, शाळेला कुलूप लागते. व्याकरणाच्या उपेक्षेतून मराठी शाळेचे मरण ओढवते, ही साखळी आपण केव्हा ओळखणार?

येथे थोडे स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. पण आपल्यापैकी किती जणांची मुले-नातवंडे मराठी शाळेत आहेत? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे सांगते. त्या धोरणाचे स्वागत करणाऱ्या घरांतूनच कॉन्व्हेंटची बस सकाळी मुलांना घेऊन जात असेल, तर लोक आपल्या भाषणावर विश्वास ठेवतील की त्या बसवर?

मागणी साधी आहे. चौथीपर्यंत मराठी वाचन-लेखन आणि मराठी व्याकरणाचा पाया भक्कम करावा. त्या वयात इंग्रजीची ओळख कानापुरतीच ठेवावी. पाचवीपासून इंग्रजीचे व्याकरण मराठीतून, क्रमाने आणि भाषांतराच्या सरावासह शिकवावे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन्ही भाषांच्या तौलनिक व्याकरणाला स्थान द्यावे. पण शासनाची वाट पाहत बसणे हा कार्यकर्त्याचा स्वभाव नव्हे. ज्या गावात सायंकाळी चार मुले जमतात तेथे आठवड्यातून दोन दिवस एक तास ही अभ्यासिका चालू शकते. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण, पदवीधर गृहिणी यांपैकी कुणीही ती चालवू शकेल. खडू, फळा आणि भाषांतराची वही, एवढेच भांडवल पुरे.

इंग्रजीचा द्वेष करून मराठी मोठी होणार नाही आणि इंग्रजीपुढे लोटांगण घालून इंग्रजीही येणार नाही. परकी भाषा हे शस्त्र आहे, ते मूठ धरून चालवायचे असते. ती मूठ व्याकरणाची आहे आणि ती धरणारा हात मातृभाषेचा. बाभुळगावच्या मुलामुलींचा हा हात बळकट करणे, हे शासनाइतकेच तुमचे-आमचेही कर्तव्य आहे.