हजेरीपटाबाहेरची हृदये

१२ जूनला जागतिक बालकामगार विरोधी दिन पाळला जातो आणि २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन. पहिला दिवस प्रामुख्याने कामगार खात्याचा, दुसरा आरोग्य खात्याचा. जूनमध्ये शपथा घेतल्या जातात, फलक लागतात. सप्टेंबरमध्ये पहाटेच्या पदयात्रा निघतात आणि रक्तदाब, मधुमेह, तेलकट आहार यांवर व्याख्याने होतात. हृदयविकार म्हणजे पन्नाशीतल्या, खाऊनपिऊन सुखी माणसाचा आजार, ही समजूत त्या व्याख्यानांनी अधिकच घट्ट केली आहे. हृदयाचा एक आजार मात्र पाचव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान आणि प्रामुख्याने दाटीवाटीच्या खोल्यांत झोपणाऱ्या गरीब मुलांना गाठतो. रुमॅटिक हृदयविकार हे त्याचे नाव. ज्या घरांतील मुलांना तो होण्याचा संभव अधिक, त्याच घरांतील मुले लहानपणी कामाला लागतात. आणि कामावर गेलेले मूल आरोग्ययंत्रणेच्या नजरेतून निसटते.

या आजाराची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे घसा धरतो, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. दोन-तीन आठवड्यांनंतर काही मुलांचे गुडघे, घोटे, कोपरे आळीपाळीने सुजू लागतात. जिवाणूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतो, आणि असा प्रत्येक झटका आधीच्या व्रणात भर घालतो. झडप आक्रसते किंवा नीट मिटत नाही. याचा पूर्ण त्रास दिसायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा विकार आहे आणि दरवर्षी सुमारे ३ लाख ६० हजार माणसे त्याने दगावतात. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. त्याचे श्रेय पेनिसिलीनला आहेच, परंतु पेनिसिलीन येण्याआधीच मोकळ्या घरांनी आणि बऱ्या राहणीमानाने त्याची ओहोटी सुरू केली होती, हे विसरले जाते.

काम केल्याने हा आजार होतो, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो दारिद्र्याने आणि गर्दीने होतो. कामामुळे घडते ते निराळेच: आजार कळत नाही आणि कळला तरी उपचार टिकत नाही.

उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन, दर तीन किंवा चार आठवड्यांनी. ते पुढचा झटका येऊ देत नाही. हृदयाला इजा झाली नसेल तर निदान पाच वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि झडपेत दोष उरला असेल तर चाळिशीपर्यंतही ते चालू ठेवावे लागते. इंजेक्शन स्वस्त आहे, मात्र फार दुखते. त्याच्या तीव्र प्रतिक्रियेच्या भीतीने काही ठिकाणी डॉक्टर ते द्यायलाच कचरतात. तरीही त्याची उपयुक्तता वादातीत आहे. युगांडात पाच ते सतरा वर्षांच्या ८१८ मुलांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजार अगदी प्राथमिक अवस्थेत असताना इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी मुलांची प्रकृती बिघडली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण आठ टक्क्यांवर होते. मात्र हा लाभ चुकामूक न होता वेळापत्रक पाळणाऱ्यालाच मिळतो. ज्याची रोजी दिवसावर ठरते, त्याला दर एकविसाव्या दिवशी अर्धा दिवस सुटी कोण देणार?

मुळात निदान व्हायचे कुठे, हाही प्रश्न आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा देशातील मुलांच्या तपासणीचा मोठा आणि चांगला उपक्रम आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतील सुमारे तीस दोष आणि आजार शोधण्याचे काम त्याच्या पथकांकडे असून त्या यादीत रुमॅटिक हृदयविकार आहे. परंतु सहा वर्षांनंतरची तपासणी होते ती सरकारी आणि अनुदानित शाळांत, तेथे नाव असलेल्या मुलांची, वर्षातून एकदा. म्हणजे मुलाच्या हृदयापर्यंत पोहोचण्याची सरकारची वाट शाळेच्या हजेरीपटातून जाते. पथक येते त्या दिवशी जो गैरहजर, तो वर्षासाठी सुटला. ज्याचे नावच पटावर नाही, तो कायमचा. त्यातही स्टेथोस्कोपला बरेच काही ऐकू येत नाही. कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी प्रसिद्ध आहे: नुसत्या कानाने जितके रुग्ण सापडले, त्याच्या सुमारे दहापट ‘एको’ तपासणीत सापडले.

पूर्वी या बाबतीत एक आडवाट तरी होती. १९८८ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या विशेष केंद्रांत कामावरून सोडवलेल्या मुलांना शिक्षणासोबत भोजन, विद्यावेतन आणि आरोग्य तपासणी मिळत असे. २०२१ मध्ये हा प्रकल्प समग्र शिक्षा योजनेत विलीन करण्यात आला. मुलाने शाळेतच जावे, हा विचार तत्त्वतः योग्यच आहे. पण त्यामुळे शाळेत न पोहोचलेल्या मुलासाठी वेगळे दार उरले नाही.

कायद्याची रचना पाहिली तर चौदावे वर्ष हा उंबरठा आहे. शिक्षणाच्या हक्काची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंत. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच उद्योगांत कामास ठेवण्यावर बंदी आली, मात्र शाळेनंतर आणि सुटीत कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावण्याची मुभा राहिली. चौदा ते अठरा या वयाचा किशोर धोकादायक उद्योग वगळता कुठेही कायदेशीर कामगार ठरतो. त्याच्यासाठी नियम आहेत: सलग तीन तासांहून अधिक काम नाही, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही, जादा काम नाही. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या उपाहारगृहांची खरी वेळ सात वाजल्यानंतरच सुरू होते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. रुमॅटिक ताप बालपणात येतो आणि झडपेचे दुखणे तारुण्यात उघड होते. हक्कांची हमी संपते ती नेमकी या दोहोंच्या मध्ये. याच कायद्यात कामावरच्या मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे नेण्याची एक तरतूद आहे, ती वयाबद्दल वाद उद्भवल्यास त्याचे वय ठरवण्यासाठी! त्याच वेळी डॉक्टरने त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावावा, असे मात्र त्या तरतुदीत नाही.

गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला, त्यासाठी स्वतंत्र बाल न्यायालय स्थापन केले. त्या वेळी ते देशात पुढचे पाऊल होते. कामावर दिसणारी येथील मुले बहुतांशी स्थलांतरितांच्या घरांतील आहेत. उत्तर कर्नाटकातून, ओडिशा-झारखंडमधून आलेली कुटुंबे झुआरीनगर, मोतीडोंगर, चिंबल अशा वस्त्यांत दाटीने राहतात. मच्छीमारी ट्रॉलरवरील कामगारांच्या दाटीचे आणि अस्वच्छतेचे चित्र २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलराची साथ आली तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. या लोकांचे वर्ष हंगामांनी विभागलेले असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून गावी. पर्यटन ऑक्टोबर ते मे. इंजेक्शनचे वर्ष मात्र अखंड असते. गावच्या आरोग्य केंद्रातले कार्ड गावी राहते, येथील केंद्राला मुलाचा इतिहास ठाऊक नसतो, आणि दोन डोसांमधले अंतर तीन आठवड्यांचे तीन महिने होते. धाप लागून मूल मागे पडू लागले की मुकादमाच्या लेखी ते कामचुकार ठरते.

उपचार महाग होतात तेव्हा तर दार आणखी अरुंद होते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कवच गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्यांना मिळते. बिगरगोमंतकीय रुग्णांना गोमेकॉत शुल्क आकारण्यास २०१८ च्या जानेवारीत सुरुवात झाली. आपल्या कराच्या पैशावर आधी आपल्या माणसांचा हक्क, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच निराधार म्हणता येत नाही. बांबोळीच्या खाटांवरचा ताण खराच आहे. मात्र पाच वर्षांच्या वास्तव्याची अट दहा वर्षांच्या मुलाला लावली, की आजार टाळता येण्याजोगा असतो तीच वर्षे अटीबाहेर जातात. केंद्राची आयुष्मान भारत योजना राज्याबाहेरही चालते, पण तिच्या मूळ याद्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर बेतलेल्या होत्या. तेव्हा जी मुले जन्मालाही आली नव्हती, ती आज कामावर आहेत.

मुलींची स्थिती याहून बिकट. घरकामातील मुलगी रस्त्यावर दिसत नाही, धाडीत सापडत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास आणि खानावळीत ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे, परंतु बंद दाराआड निरीक्षक क्वचितच जातो. अशा मुलीच्या आक्रसलेल्या झडपेचा पत्ता पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात लागतो. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, तो भार हृदयाला पेलत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. दहा वर्षांपूर्वीच्या घसादुखीची किंमत अशा वेळी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येते.

कामाच्या जागी आरोग्य पथक पाठवावे, अशी सूचना केली की एक आक्षेप हमखास येतो: असे करणे म्हणजे बालमजुरीला मान्यता देणे नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चौदा ते अठराच्या गटाला लागू पडत नाही. त्यांना कायद्यानेच कामगार मानले आहे, मग कायद्यानेच त्यांची वार्षिक तपासणी मालकाच्या नोंदवहीशी जोडायला हरकत नसावी. चौदाखालील मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धाड घालणारे पथक आणि तपासणारे पथक एकच असेल, तर पुढच्या वेळी मूल लपवले जाईल. मालकाकडून आणि आईबापांकडूनही. म्हणून तपासणी कामाच्या जागी नव्हे, तर वस्तीत आणि सायंकाळी व्हायला हवी. भाऊबहिणींसह सारी मुले तपासली गेली, तर कोण कामावर जाते हे विचारण्याची गरज राहणार नाही. कारवाईचे काम १०९८ या मदतवाहिनीने आणि कामगार निरीक्षकांनी आपल्या मार्गाने करावे.

यंत्रणा नाही, ही सबब गोव्याला देता येणार नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रौढाचा ईसीजी गावच्या आरोग्य केंद्रातून गोमेकॉतील तज्ज्ञांकडे पाठवून तेथेच गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत देण्याची व्यवस्था ‘स्टेमी’ प्रकल्पातून राज्याने उभी केली आहे. त्याच केंद्रांत पेनिसिलीनच्या कार्डांची एक नोंदवही ठेवणे, रुग्ण गावी जाताना पुढील डोसाची तारीख तेथील केंद्राला कळवणे, आणि हातात मावणाऱ्या एको यंत्रासह एक पथक आठवड्यातून एकदा वस्त्यांत पाठवणे, याला नवा कायदा लागत नाही. अठरा वर्षांखालील रुग्णांपुरती पाच वर्षांची अट शिथिल करण्यासाठीही मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेसा आहे. मासेमारी बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात जातात ती तारीख दरवर्षी ठरलेली असते, १ ऑगस्ट. परत येणारी कुटुंबे त्या सुमारास वस्त्यांत दाखल झालेली असतात. पहिली तपासणी त्याच पंधरवड्यात ठेवता येईल.