ज्यांना सम्राट दिसला नाही

कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची ‘हॅरिसन बर्जेरॉन’ ही कथा १९६१ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या शाळांत ती वर्षानुवर्षे शिकवली जाते आणि तिचा एक ठरीव अर्थही तिच्याबरोबर फिरतो: समतेचा आग्रह ताणला की गुणवंतांचा गळा आवळला जातो. हा अर्थ मला मान्य नाही. तो कथानकातून काढलेला आहे, कथेतून नाही. उपहासात्मक कथेत काय घडते याच्याइतकेच ते कोणत्या सुरात सांगितले जाते हे महत्त्वाचे असते. सूर वगळला की हाती उरते ती घटनांची यादी, आणि यादीचा अर्थ कुणालाही आपल्या सोयीने लावता येतो.

आधी कथानक. वर्ष २०८१. राज्यघटनेच्या २११, २१२ आणि २१३ क्रमांकांच्या दुरुस्त्यांनी माणसांना सर्व बाबतींत समान केले आहे. बुद्धिमान जॉर्ज बर्जेरॉनच्या कानात सरकारी रेडिओ बसवला आहे. दर वीसेक सेकंदांनी त्यातून कर्कश आवाज येतो आणि त्याचा विचार तुटतो. गळ्यात ४७ पौंडांची, म्हणजे सुमारे २१ किलोंची, छऱ्यांची पिशवी कुलूप लावून अडकवलेली. त्याची बायको हेझल सामान्य बुद्धीची, म्हणून तिच्यावर कसलेच ओझे नाही. त्यांचा चौदा वर्षांचा, सात फूट उंच मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळतो, टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, अंगावरची वजने तोडून टाकतो आणि एका नर्तकीबरोबर नाचतो. या समतेची अंमलबजावणी करणारी अधिकारी डायना मून ग्लॅम्पर्स येते आणि दुनळी बंदुकीने दोघांना मारते. हे सारे आईबापांच्या घरातल्या टीव्हीवर दिसते.

रूढ अर्थाची बाजू दुबळी आहे असे मी म्हणणार नाही. ग्लॅम्पर्सबाईंचे राज्य क्रूर आहे आणि लेखकाला ते क्रूरच दाखवायचे आहे. शिवाय या अर्थामागे मोठे वजन उभे आहे. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात केसी मार्टिन या गोल्फपटूचा खटला आला. पायातल्या रक्ताभिसरणाच्या विकारामुळे त्याला लांब चालणे अवघड होते आणि स्पर्धेत गाडी वापरू द्यावी एवढीच त्याची मागणी होती. सात विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी आपल्या मतपत्राच्या अखेरीस याच कथेचा दाखला दिला.

हा दाखला मला साफ चुकीचा वाटतो. कथेतल्या राजवटीत कुणालाही आधार दिला जात नाही. हेझलला शिकवले जात नाही. शब्द नीट उच्चारता न येणाऱ्या टीव्हीवरच्या निवेदकाला कुणी मदत करत नाही, उलट त्याने प्रयत्न तरी केला म्हणून हेझल त्याचे कौतुक करते. तिथे फक्त धडधाकट माणसाला ओझी बांधली जातात. मार्टिनची गाडी कुणाच्या पायात बेडी घालत नव्हती. एका माणसाच्या वाटेतला अडथळा तेवढा ती दूर करत होती. उद्या आपल्याकडच्या आरक्षणाच्या वादात कुणी ही कथा पुढे केली, तर त्यालाही हेच उत्तर द्यावे लागेल.

आता मुख्य मुद्दा. हॅरिसन हा स्वातंत्र्याचा नायक आहे, असे रूढ अर्थ गृहीत धरतो. पण बेड्या तोडण्याआधीच तो पहिली घोषणा कसली करतो? आपण सम्राट आहोत आणि सगळ्यांनी आपले तत्काळ ऐकले पाहिजे याची! वादकांना तो सरदारक्या देऊ करतो. वाजवणे मनासारखे होत नाही म्हणून दोन वादकांना खुर्च्यांतून उचलून छड्यांसारखे हवेत हलवतो आणि पुन्हा खुर्च्यांत आदळतो. थोड्या वेळाने ग्लॅम्पर्सबाई त्याच वादकांवर बंदूक रोखतात आणि ओझी परत चढवायला दहा सेकंद देतात. दोन्ही वेळा हुकूम वरून येतो, दोन्ही वेळा तेच लोक मुकाट मान तुकवतात. ही जुळणी अपघाताने झाली असे मानणे म्हणजे व्हॉनेगटला कच्चा लेखक ठरवणे. आणि वर्णनाचा सूर पाहा: सात फुटांचा पोरगा, नाकावर विदूषकाचा लाल चेंडू, अंगावर १३० किलोंहून अधिक भंगार. मग तीस फुटांच्या छतापर्यंत उडी, छताचे चुंबन, गुरुत्वाकर्षणालाच रजा. नायक इतका फुगवला जातो की त्याच्यावरचा आपला विश्वास आपोआप डळमळू लागतो.

याच्या उलट टोकाला काही समीक्षक जातात. त्यांच्या मते कथा समतेची थट्टा करतच नाही, समतेला घाबरणाऱ्यांच्या भयस्वप्नाची थट्टा करते. व्हॉनेगट समाजवादी होता, समाजवादी नेता युजीन डेब्स याला मानत होता, हे त्यांच्या बाजूचे. मलाही हे वाचन जवळचे वाटते, पण मी ते पूर्ण स्वीकारत नाही. कारण नाचाच्या त्या परिच्छेदात गंमत असली तरी खरा आनंदही आहे. त्याआधी बातमी वाचणाऱ्या नर्तकीचा मूळ आवाज ऐकू येतो तिथेही लेखक हसत नाही. उपरोध आणि करुणा तिथे एकाच वाक्यात राहतात. सूर वाचायचा म्हणजे ही सरमिसळ सहन करायची. एकाच्या हट्टापायी दुसरे पुसून टाकायचे नाही.

शिवाय एक पुरावा कथेबाहेरचा. १९५९ च्या ‘द सायरन्स ऑफ टायटन’ या कादंबरीत व्हॉनेगटने हीच वजने वापरली आहेत. तिथे एका नव्या धर्मपंथाचे लोक ती स्वखुशीने अंगावर बाळगतात. सामग्री तीच, सूर वेगळा, म्हणून अर्थही वेगळा.

मग कथेचा रोख कुणावर? माझ्या मते विसरण्यावर. मुलाला पकडून नेल्याची बातमी कथेचा निवेदक एका सपाट वाक्यात उरकतो, जणू हवामानाची नोंद. गोळ्या झाडल्या जातात तेव्हा जॉर्ज बिअर आणायला स्वयंपाकघरात गेलेला असतो. परत येतो तर हेझलच्या गालांवर पाणी, पण आपण का रडलो हे तिला आठवत नाही. टीव्हीवर काहीतरी फार दुःखाचे होते, एवढेच ती सांगते. दुःखाच्या गोष्टी विसरून जा, असे तो म्हणतो. पाठोपाठ त्याच्या कानात पुन्हा रिव्हेट ठोकणाऱ्या यंत्रासारखा आवाज होतो आणि संवाद एका पोरकट कोटीवर संपतो. आपल्या मुलाचा खून डोळ्यांदेखत पाहून आई तो अर्ध्या मिनिटात हरवते, आणि कथेच्या निवेदकाचा आवाज जराही चढत नाही. कथेतली सर्वांत भयंकर गोष्ट हीच. कथानकाच्या सारांशात ती येतच नाही, कारण ती सुरातच आहे.

२००५ साली कॅन्सस राज्यात शाळांच्या निधीवरून खटला चालू होता. स्थानिक करातून जास्त पैसा उभारण्यावरची मर्यादा नको, असे म्हणणाऱ्या वकिलांनी हीच कथा पुढे केली. तेव्हा ८२ वर्षांच्या व्हॉनेगटने एका वृत्तपत्राला सांगितले की वकिलांनी कथा चुकीची वाचली असावी. ती बुद्धी आणि प्रतिभेविषयी आहे आणि संपत्ती या दोन्हींचा पुरावा नव्हे. माझा युक्तिवाद मात्र लेखकाच्या साक्षीवर उभा नाही. तो तेव्हा हयात नसता तरी सम्राटाची घोषणा कथेत छापलेली होतीच, आणि ती मोठ्याने वाचून पाहायला वकिलांना कुणी अडवले नव्हते.