पोटातली पाटी

या वेळचा विषय जरा संकोचाचा आहे, पण घरात कुजबुजत राहण्यापेक्षा इथे लिहिलेला बरा.

माझी खालाजाद बहीण तिसऱ्या सिझेरियननंतर सुटलेल्या पोटाला कंटाळली होती. तिनं लायपोसक्शन करून घेतलं आणि सासरी कळू नये म्हणून पुढचे दिवस आमच्याकडे उलव्याला येऊन राहिली. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात फजरनंतर माझ्या खोलीत आली आणि माझा हात धरून पोटावर ठेवला. "बाजी, दगड झालाय." खरंच, बेंबीच्या खाली पाटी ठेवल्यासारखं कडक लागत होतं, आणि डाव्या कुशीला लिंबाएवढी गाठ. सजद्यात वाकलं की ओढ बसायची. तिला वाटलं, कॅन्सर. त्याहून मोठी भीती तिनं रात्री सांगितली: अल्लाहनं दिलेल्या शरीरात ढवळाढवळ केली, त्याची ही सजा.

निव्वळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बहुतेक उलेमा जायज मानत नाहीत. आजार किंवा व्यंग असेल तर मुभा देतात. तिचं कोणत्या खान्यात बसतं हे मी ठरवणारी कोण? सुरुवातीला मीही तिला चार शब्द सुनावले होते, त्याची आता लाज वाटते. पण ती गाठ सजा नव्हती, एवढं मात्र डॉक्टरांनी समजावल्यावर पक्कं झालं.

या शस्त्रक्रियेत बारीक छिद्रांतून बोथट तोंडाची नळी आत घालून चरबी ओढून घेतात. पॅरिसच्या इलूझ यांनी १९७७च्या सुमारास ही बोथट नळी रूढ केली. नळी मागेपुढे फिरते, तिथे कातडीखाली बोगदेच बोगदे होतात. बाहेर टाके दोन-चार, पण आतली जखम हातभर. ती भरायला शरीर कोलॅजनचे धागे विणतं, आणि घाईत विणलेले धागे जाड, गुंतलेले असतात. म्हणून कडकपणा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवू लागतो. साधारण तीन ते सहा महिन्यांत तो मऊ पडत जातो, काहींना वर्षही लागतं. दवाखान्यात तिला "आठवड्यात कामाला लागाल" एवढंच सांगितलं होतं. हे आधी सांगितलं असतं तर तिच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मग घरचे उपाय सुरू झाले. अम्मी म्हणाली, बाळंतपणातली मालिशवाली बोलाव, दाबून काढेल. कुणी विटेचा शेक सुचवला. दोन्ही मी अडवले. ताज्या जखमेवर जोर लावला तर आत पुन्हा रक्त साकळतं आणि गाठ वाढते. शेकाचं तर आणखी वाईट. ऑपरेशननंतर कातडी कित्येक आठवडे बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. मालिश करायची ती सर्जननं सांगितल्यावर, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आणि हलक्या हातानं.

खरं काम केलं त्या घट्ट पट्ट्यानं. उलव्याच्या दमट उकाड्यात तो रात्रंदिवस घालणं म्हणजे परीक्षाच. सहा आठवडे सांगितले होते, ती चोरून काढून ठेवायची. त्यातही एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली: बसताना पट्ट्याला घडी पडली की त्याच रेषेत कातडीखाली कडक वळ उठतो. मग डॉक्टरांनी आत फोमचा तुकडा ठेवायला दिला. दोन पट्टे घेतले, एक धुण्यात, एक अंगावर. डाळ, अंडी, पाणी वेळेवर. असरनंतर खारकोपर स्टेशनच्या बाजूला आमची फेरी, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास.

नमाज खुर्चीवर. रुकू आणि सजदा इशाऱ्यानं. आजाऱ्याला ही सवलत आहेच, तरी ती घ्यायला तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. ड्रेसिंग असेतो गुस्लचं काय, हे आम्ही मौलानांना विचारून घेतलं, तुम्हीही आपल्या आलिमांना विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा. गाठ लाल, गरम झाली, ताप आला, पू आला किंवा दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर थेट इस्पितळ, रात्र असली तरी. आणि सहा महिन्यांनीही दगड तसाच राहिला तर काही सर्जन गाठीत स्टिरॉइडचं सौम्य इंजेक्शन देतात. त्यानं कातडी पातळ पडू शकते, म्हणून ते मागून घ्यायचं औषध नाही. दुसऱ्या ऑपरेशनची घाई तर मुळीच नको.

पाचव्या महिन्यात तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच तिला तपासणीला घेऊन गेला. सासूबाईंना अजून माहीत नाही. परवा तिचा फोन आला, मुसल्ल्यावर पूर्ण सजदा केला म्हणाली. डाव्या कुशीची गाठ आहे अजून, सुपारीएवढी.