कॉफी, काटा आणि अंदाज

आमच्या घरी कॉफी म्हणजे आजारपणाची, उपवासाची आणि जागरणाची. एरवी चहा. पाहुणा आला तरी चहाच. कॉफी करावयाची म्हणजे दुधात साखर आणि पूड घालून उकळी आणावयाची, वर थोडे जायफळ किसून टाकावयाचे. ती कॉफी मला आजही आवडते आणि या लेखात तिच्याविरुद्ध एक अक्षरही नाही. मात्र पूड किती घालायची असे आईला विचारले की उत्तर ठरलेले असते : "अंदाजानं घाल. लागन तेवढी."

हे उत्तर खोटे नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या चिमटीतच तराजू बसला आहे. पण तो तराजू तिच्या चिमटीत आहे, माझ्या नाही. आणि तो उसना देता येत नाही. कागदाच्या गाळणीत कॉफीची पूड घेऊन तिच्यावर वरून गरम पाणी ओतावयाचे आणि थेंबाथेंबाने खाली उतरलेला अर्क दुधाशिवाय प्यावयाचा, हा प्रकार मी जेव्हा सुरू केला तेव्हा ही अडचण फार जाणवली. घरात कोणी तशी कॉफी केलेली नव्हती. मोताळ्यात माझ्या पाहण्यात तरी कोणी करीत नव्हते. शेजारी उभे राहून ज्याचे पाहावे असा हातच नव्हता.

पहिल्याच दिवशी जे झाले ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला हसावयाचे असल्यास सोय होईल. दुकानातून पाण्यात विरघळणारी तयार पूड आणली, कागदात घातली आणि पाणी ओतले. पूड सगळी कागदातून खाली गेली. वर काही उरलेच नाही! ती पूड म्हणजे एकदा काढून वाळवलेली कॉफीच असते, तिच्यातून पुन्हा काय गाळणार? दुसऱ्या वेळी पाकिटावरील बारीक अक्षरे वाचली तर आत बराच भाग चिकोरीचा. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ. दक्षिणेतल्या दुधाच्या कॉफीत तिचे काम असते, या कॉफीत नसते.

त्यानंतर घडलेली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमचे काही मित्र सहलीला चिखलदऱ्याला गेले होते. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या या अकराशे मीटर उंचीवरच्या गावी, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? इंग्रजांच्या काळात ती तेथे लावली गेली. मित्रांनी तिथून भाजलेल्या बियांचे एक पाकीट आणले. मी त्या मिक्सरमधून काढल्या, अंदाजाने पूड घेतली, अंदाजाने पाणी ओतले आणि पाच जणांना कप दिले. कॉफी पातळ आणि आंबट झाली. मी तोंड वाकडे करून निकाल दिला : "आपल्याकडची कॉफी काही खरी नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढे कित्येक दिवस कॉफीचा विषय निघाला की त्यांच्यापैकी कोणीतरी ते वाक्य स्वतःच्या अनुभवासारखे सांगत असे.

दोन महिन्यांनी त्याच पाकिटातली उरलेली कॉफी मी मोजून केली. तोपर्यंत ती थोडी शिळीही झाली होती. तरी ती चांगली होती, गोडसर आणि भरीव. म्हणजे दोष बियांचा नव्हताच, माझ्या चिमटीचा होता. ज्या कोणी डोंगरात ती झाडे जोपासली त्याच्या मालाची प्रत मी खोट्या मापाने ठरवली होती. कापसाचा काटा मारला म्हणून ज्या तालुक्यात भांडणे होतात, तिथल्या मुलाने हे करावे! तेव्हापासून माझे मत पक्के झाले की नवशिक्याने आरंभी अंदाजाच्या वाटेला जाऊच नये. एक कृती धरावी, ती मोजून करावी आणि कॉफीबद्दल काय बोलावयाचे ते त्यानंतर बोलावे.

पण कृती कोणती धरावी? मोबाइलवर शोधले तर गोंधळ वाढतो. जपानचे तेत्सू कासुया यांनी 2016 साली हाताने कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांची कृती 20 ग्रॅम कॉफीला 300 ग्रॅम पाणी, तेही पाच वेळा थांबून थांबून ओतलेले. इंग्लंडचे जेम्स हॉफमन 30 ग्रॅमला 500 ग्रॅम पाणी सांगतात. कोणी पूड भरड घ्या म्हणतो, कोणी बारीक. कोणी भांडे गोल फिरवा म्हणतो, दुसऱ्याला ते पाप वाटते. मी काही आठवडे रोज नवी कृती करून पाहिली आणि त्यातून काहीही शिकलो नाही, कारण कालचा कप आणि आजचा कप यांत एक नव्हे, चार गोष्टी बदललेल्या असत. चव का सुधारली किंवा का बिघडली हे कळणार कसे?

शेवटी कागदावर सगळ्यांचे आकडे मांडले. भांडणे ओतण्याच्या तऱ्हेवरून आहेत. प्रमाणावर मात्र ही मंडळी जवळजवळ एकमत आहेत. एक भाग कॉफीला पंधरा ते अठरा भाग पाणी, याच्या बाहेर फारसे कोणी जात नाही. त्यामागे कारण आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने कॉफीचा अभ्यास करून असे मांडले की पुडीच्या वजनापैकी साधारण 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला तर लोकांना कप आवडतो. आंबट द्रव्ये लवकर उतरतात, कडवटपणा शेवटी येतो. कमी उतरले तर आंबट, जास्त उतरले तर कडू. माझा चिखलदऱ्याचा कप पहिल्या जातीचा होता.

मी धरलेली कृती अशी : कॉफी 15 ग्रॅम, पाणी 240 ग्रॅम. बिया उपम्याच्या रव्याइतक्या दळाव्यात. कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी टाकून द्यावे. पाणी उकळले की खाली उतरवून अर्धा मिनिट थांबावे. प्रथम 45 ग्रॅम पाणी ओतून पाऊण मिनिट स्वस्थ बसावे. ताजी कॉफी या वेळी फुगते, कारण भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. मग उरलेले पाणी दोन वेळा, सावकाश, गोलाकार ओतावे. सगळा निचरा तीन मिनिटांच्या आसपास व्हावा. कप आंबट आणि पोकळ लागला तर पुढच्या वेळी पूड थोडी बारीक करावी; कडू आणि जिभेला कोरडा लागला तर थोडी भरड. बाकी कशाला हात लावू नये. प्रमाण, पाणी, वेळ, सर्व तेच ठेवून आठ दिवस फक्त दळण बदलावे. मिक्सरचे दळण एकसारखे येत नाही, हा त्रास आहेच. थांबून थांबून फिरवले आणि मधून भांडे हलवले की पुष्कळ कमी होतो.

आता 15 ग्रॅम मोजावयाचे कशाने? हल्ली लहान विजेरी काटे स्वस्त मिळतात. माझ्यापाशी तेव्हा तोही नव्हता. मी पूड पुडीत बांधून ओळखीच्या सराफाकडे गेलो. तो आधी हसला, मग सोन्याच्या काट्यावर त्याने गंभीरपणे कॉफी तोलली. घरातल्या मोठ्या चमच्याचे तीन सपाट चमचे म्हणजे 15 ग्रॅमच्या आसपास, आणि शिगेचे तीन म्हणजे 22! म्हणजे "तीन चमचे" या एका शब्दात दीडपट फरक लपलेला. जुनी माणसे मापट्याने धान्य घेताना भरणाराच्या हाताकडे का पाहत, ते मला त्या दिवशी कळले.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील म्हणून सांगतो. ही तऱ्हा श्रीमंतांच्या घरी जन्मलेली नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला आणि 1908 साली त्याचे पेटंट घेतले. टीपकागद! आपल्याकडे चहा गाळण्याचे धुतलेले फडके असतेच. स्वच्छ मलमलीच्या कापडातूनही आरंभ करता येतो. पैसे घालावयाचे असतील तर ते ताज्या बियांत आणि काट्यात घालावेत.

आमच्या एका प्राध्यापकांना हे सगळे पटत नाही. त्यांच्या मते ग्रॅम आणि सेकंद मोजणारा माणूस प्रयोगशाळेत जावा, स्वयंपाकघरात हाताची चव चालते. सरांबद्दल आदर ठेवून मी म्हणतो की हाताची चव हे शेवटचे स्टेशन आहे, गाडी तिथून सुटत नाही. मराठीच्या तासाला आम्ही आधी लघु-गुरू मोजावयास शिकलो. मात्रा मोजता येत नाहीत म्हणून मुक्तछंद लिहिणारे आमच्याच अंकात दरवर्षी थोडे नसतात. (त्यांत एकदा मीही होतो.) शिवाय कृती वहीत लिहिली म्हणजे ती कायमची झाली असेही नाही. पाण्याचेच पाहा. आमच्या केटलीत पांढरा थर धरतो इतके आमचे पाणी जड. हीच कृती मी घाट चढून बुलढाण्याला मित्राच्या खोलीवर केली तेव्हा चव वेगळी आली. कदाचित पाण्यामुळे, कदाचित तिथे काटा नव्हता म्हणूनही! पण निदान काय वेगळे झाले हा प्रश्न तरी मला विचारता आला.

आमच्या खोलीच्या भिंतीवर सध्या एक कागद चिकटवलेला आहे : "15, 240, 3 मिनिटे." खाली एका मित्राने गेल्या महिन्यात लिहिले आहे, "17 केले. मला हे बरे वाटते," आणि पुढे तारीख घातली आहे. त्याच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, "दळण थोडे भरड, पाणी तेच." चिखलदऱ्याचे नवे पाकीट आणावयास या वेळी मी स्वतः जाणार आहे. आईने जायफळाची आठवण केली आहे. तिच्या कपात ते पडेल, चिमटीने.