इथे सही कर

"ताई, मी कुठे काय वाचलं होतं? हे म्हणाले, इथे सही कर. मी केली."

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत, एका शनिवारी, एक बाई माझ्यासमोर बसून हे सांगत होती. वय एकसष्ट. तिचा नवरा इथल्या एका केंद्रीय सरकारी कार्यालयातून निवृत्त झाला होता आणि दीड महिन्यापूर्वी वारला होता. मीही सरकारी हिशेबखात्यात नोकरी करून निवृत्त झालेली, म्हणून ओळखीच्या बायका कागदांची पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. तिच्या पाकिटातला कागद मी वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. तिचा आरोग्यविमा बंद झाला होता. तिची कसलीही चूक नव्हती. चूक असलीच तर एक सही.

निवृत्तीच्या वेळी तिच्या नवऱ्याला ठरवायचं होतं, की आपल्यामागे बायकोला निवृत्तिवेतन मिळावं की नाही. आजच्या फेडरल नियमांत बायकोला पुढे निम्मं वेतन मिळायचं तर नवऱ्याचं वेतन जन्मभर दहा टक्क्यांनी कमी होतं. "दहा टक्के कशाला घालवायचे?" असं म्हणून त्याने नको लिहिलं. बायकोच्या संमतीची सही लागते, ती घेतली. त्या कागदाला दुसरी एक गोष्ट बांधलेली आहे, हे तिला कुणीच सांगितलं नाही. विधवेला निवृत्तिवेतनाचा हक्क नसेल, तर नवऱ्याच्या मृत्यूबरोबर तिचा सरकारी आरोग्यविमाही संपतो! मेडिकेअर मिळायला तिला पासष्ट पूर्ण व्हावी लागतील. म्हणजे मधली चार वर्षं, मधुमेहाच्या गोळ्यांसकट, तिनं बाजारातून पॉलिसी घेऊन काढायची.

तिकडच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. मेडिकेअर ही अमेरिकेतली वृद्धांसाठीची सरकारी विमायोजना. तिचा कायदा 1965 साली झाला. पार्ट ए हॉस्पिटलसाठी, पार्ट बी डॉक्टरांसाठी. पार्ट बीला दरमहा हप्ता असतो. 2025 साली तो 185 डॉलर होता. केंद्र सरकारच्या नोकरांना याशिवाय 1960 पासून स्वतंत्र विमा आहे. निवृत्तीआधीची सलग पाच वर्षं तो घेतलेला असेल तर निवृत्तीनंतरही चालू राहतो आणि हप्त्याचा साधारण 72 टक्के भार सरकार उचलतं. माणूस नोकरीत असेल तर बिल आधी नोकरीचा विमा भरतो, मग मेडिकेअर. निवृत्त झाला की उलट, आधी मेडिकेअर आणि उरलेलं सरकारी विमा. याला ते 'समन्वय' म्हणतात.

शब्द किती सुंदर! पण समन्वय कुणाचा कुणाशी? एका विमेदाराचा दुसऱ्या विमेदाराशी. कोणी आधी पैसे द्यायचे आणि कोणी नंतर, याचे नियम पानोपानी लिहिलेले आहेत. त्या घरातल्या बाईच्या आयुष्याशी या दोन्हींचा समन्वय कोणी करायचा, याबद्दल मात्र तिला कुणी पत्र लिहीत नाही.

आपल्या घरांत नवरा-बायकोच्या वयात पाच-सात वर्षांचं अंतर सर्रास असतं. मेडिकेअरला कुटुंब नसतं. प्रत्येकाची पासष्टी वेगळी. सरकारी विमा मात्र नवऱ्याच्या नावावर. नवऱ्याची पासष्टी आली की त्याला वाटतं, आता दोन-दोन हप्ते कशाला? तो सरकारी विमा रद्द करतो, किंवा 'फक्त स्वतःसाठी' करून घेतो. अठ्ठावन्न वर्षांची बायको त्याच दिवशी उघडी पडते. निवृत्त माणसाने एकदा रद्द केलेला हा विमा सहसा परत मिळत नाही. आणि मृत्यूच्या दिवशी विमा 'फक्त स्वतःसाठी' असेल, तर विधवेला तो पुढे चालवता येत नाही, निवृत्तिवेतन चालू झालं तरीही नाही.

दुसरी बाई विचार करते, ह्यांच्या विम्यात माझं नाव आहे, मग पासष्टीला पार्ट बी कशाला घेऊ? तिला कोण सांगणार, की निवृत्त नवऱ्याचा विमा हा 'चालू नोकरीचा विमा' धरला जात नाही? उशिराच्या दर पूर्ण वर्षाला दहा टक्के दंड. चार वर्षं उशीर झाला तर चाळीस टक्के. 2025 च्या दराने महिन्याला 74 डॉलर जास्त, आणि तेही पार्ट बी आहे तोवर.

यावर आमच्याच मंडळातले पुरुष म्हणतात, "अहो, हा नवरा-बायकोतला विश्वासाचा प्रश्न आहे. कायद्याने त्यात कशाला पडायचं?" मी विचारते, निवृत्तिवेतनात कायदा पडलाच ना? बायकोच्या लेखी संमतीशिवाय निवृत्त माणसाला तिचं वेतन सोडून देता येत नाही. कायद्याने हे 1984 साली केलं. म्हणजे बायकोच्या पोटाची काळजी अर्धी तरी घेतली. औषधाची का नाही? विमा रद्द करायला, कमी करायला तिची सही लागत नाही. तिला साधं कळवतही नाहीत. आणि जिथे सही लागते, तिथे नोटरी फक्त पाहतो की सही तिचीच आहे. तिला काय समजलं, हे तो विचारत नाही.

"पण विमा त्याच्या नोकरीचा," असंही म्हणतात. त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत डबा कुणी भरला? मुलांच्या शाळा, सासूचं आजारपण, दर बदलीला सामानाची बांधाबांध कुणी केली? आपल्यातल्या कितीतरी जणी नवऱ्याच्या व्हिसावर आल्या. 2015 पर्यंत त्या व्हिसावर काम करायला कायद्यानेच बंदी होती आणि नंतरही काही जणींनाच परवानगी मिळाली. आधी कमवू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, तुझी स्वतःची चाळीस तिमाह्यांची नोंद कुठे आहे? त्या नोंदीशिवाय पार्ट ए फुकट मिळत नाही, मिळाला तर नवऱ्याच्या नावाने. घटस्फोट झाला आणि लग्न दहा वर्षांहून कमी टिकलेलं असलं, तर तेही नाही. म्हणून कितीतरी जणी मार खात दहावं वर्ष मोजत बसल्या असतील!

हे अमेरिकेचं आहे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतही विधवेचं कार्ड कुटुंब निवृत्तिवेतनाला टांगलेलं असतं. 'अवलंबित' हा शब्द दोन्ही देशांत एकाच अर्थाने छापला जातो. पण नियम दगडावरची रेघ नसतात. 2024 च्या जानेवारीत भारत सरकारने नियम बदलला. नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा किंवा हिंसाचाराचा खटला चालू असलेल्या सरकारी नोकर स्त्रीला, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवऱ्याच्या आधी मुलांचं नाव देता येतं. म्हणजे 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ बदलता येतो.

आमची मागणी साधी आहे. ज्या कागदाने बाईचा विमा कमी होतो वा जातो, त्या प्रत्येक कागदावर तिची संमती हवी. निवृत्तीच्या वेळी तिच्या नावाने वेगळं पत्र यावं, तिला समजेल अशा भाषेत. विधवेला विम्याचा हक्क निवृत्तिवेतनापासून वेगळा मिळावा, हप्ता भरून का होईना.

आणि मागणी मान्य होईपर्यंत? बायांनो, कपाटातली ती फाईल काढा. त्यात तुमचं नाव कुठे आहे ते पाहा. विमा कुणाकुणाचा आहे, पुढचं वेतन तुम्हाला लिहिलंय का, तुमची पासष्टी कधी येते, हे एका कागदावर तुमच्या हाताने लिहा. आणि कुणी म्हणालं, "इथे सही कर," तर आधी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "थांबा. मला वाचू द्या."