एकट्याचं ताट

वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं टॉवरात गेली आणि त्यांच्या पाठोपाठ उपदेशकही लिफ्टने वर पोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलेल्यांना आता काय खावं हेही शिकवायला हवं, असं एका आहारपंडितांना वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भाकरी-भात म्हणजे पोटाचा नुसता भरणा, गिरणगावाचं जेवण गिरण्यांबरोबरच संपायला हवं होतं. सकाळी प्रोटीनची पावडर, दुपारी वाटीभर कच्चा पाला आणि संध्याकाळी सहानंतर तोंडाला कुलूप.

प्रोटीन नाही म्हणे! सुक्या बोंबलाचं निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचंच असतं. नाचणीत वजनाला वजन दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम. अंगमेहनत सुटली असेल, तर दोनाऐवजी एक भाकरी खावी. तिला हद्दपार कशाला करायचं?

पण माझा खरा राग आहे तो त्यांच्या तक्त्यावर. तो एकाच माणसासाठी असतो. नवऱ्याचे ओट्स, मुलीचं सॅलड, म्हातारीची पेज, आणि हे सगळं रांधायला घरात बाई मात्र एकच! तिचा तक्ता कुणी काढला आहे? चाळीत हिशेब वेगळा होता: एकेका खोलीत गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे शेजारच्याच बिऱ्हाडातली एखादी मावशी. गिरण्यांच्या संपात पगार थांबले तरी अशा कितीतरी जणींनी ताटं थांबवली नाहीत. उधारी अंगावर घेतली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते अशाच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. त्या खानावळींत जेवणाचं माप भुकेवर ठरे, आणि एका पातेल्यातलं सगळ्यांना पुरे. पंडितांच्या वजनकाट्याला हे पातेलं दिसतच नाही.

बरं, यांच्या शब्दाचा भरवसा काय? याच जमातीने एकेकाळी वनस्पती तुपाची भलामण केली, मग खोबरेलाला वाळीत टाकलं. आता तेच खोबरेल काचेच्या बाटलीतून परत आलंय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा नाचणीही पाकिटात शिरली, भाव चढवून.

मग खायचं काय? घरात सगळे खातात तेच. पिठलं-भाकरी, कुळथाची पिठी, हंगामाची भाजी. पावसाळ्यात सुके बोंबील: डोकं-शेपूट खुडून तुकडे तव्यावर शेकायचे, कोमट पाण्यात धुवायचे, कांदा-लसणीवर वांग्याबरोबर परतायचे आणि उतरवण्याआधी दोन आमसुलं. टॉवरच्या बंद दारांतूनही वास शेजारी जातोच. जाऊ दे. त्यांच्याकडे वाटीभर पाठवावं.

मीठ कमी करा, हे मात्र पंडितांचं खरं आहे. खारवलेला बांगडा असेल तर दोन पाण्यांतून काढावा.