लॅपटॉप तापतोय? थांबा, लगेच नवा घेऊ नका!

परवा एका मित्राने विचारलं, "अरे, लॅपटॉप जाम तापतो, सारखा हँग होतो. नवा घ्यायचाय, कुठला घेऊ?" प्रश्न कसा आहे बघा. तापतो का, हे त्याला विचारायचंच नव्हतं. तो थेट 'कुठला घेऊ' वर आला होता. मला हसू आलं, कारण वर्षभरापूर्वी मीही अगदी तिथेच उभा होतो. फक्त माझ्या बाबतीत लॅपटॉप बाबांच्या ताब्यात होता.

तर झालं असं. माझे बाबा मार्केट यार्डात, भुसार बाजारात एका आडत्याकडे दिवाणजी आहेत. २०१८ साली मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी शेठकडून उचल घेऊन मला लॅपटॉप घेऊन दिला होता. आय-फाइव्ह, आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम. पुढे नोकरी लागली, कंपनीचा लॅपटॉप आला आणि हा म्हातारा बाबांबरोबर गाळ्यावर जायला लागला. जीएसटीची बिलं, पट्ट्या, उधारीचा हिशोब, सगळं त्यावर. मीच शिकवलं होतं, त्यामुळे मला भलताच अभिमान वगैरे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री पाणी प्यायला उठलो तर बाबा डायनिंग टेबलवर वही घेऊन हिशोब लिहीत बसलेले. साडेअकरा वाजले होते. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "अरे, तो दुपारी फार तापतो. बंदच पडतो. माझ्याच हातून काहीतरी बिघडला असणार." तीन आठवडे ते वहीत लिहीत होते आणि मला बोलले नव्हते. का? तर मी लगेच नवा घेईन म्हणून.

आणि मी खरंच तेच केलं असतं. प्रामाणिकपणे सांगतो, त्यात निम्मी माझीच हौस होती. 'बाबांसाठी' म्हणून ६८ हजारांचा, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप कार्टमध्ये टाकून ठेवला. (भुसाराच्या बिलांना ग्राफिक्स कार्ड! असो.) मनाची समजूत काढायला आधी एका सर्व्हिस सेंटरला दाखवला. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. वरून हात लावून म्हणाला, "बोर्ड जायला आलाय सर. एवढ्या जुन्या मॉडेलवर खर्च कशाला करता? नवाच घ्या." मला हवं तेच उत्तर मिळालं होतं.

मग शनिवारी चार्जर आणायला गाळ्यावर गेलो आणि लॅपटॉपची जागा पाहिली. वर पत्रा. आजूबाजूला पोती. हमाल मामा पोती टाकतात तेव्हा धुळीचा एक लोट उठतो आणि उन्हाच्या तिरिपेत दोन-तीन मिनिटं तरंगत राहतो. आणि हा लॅपटॉप कुठे? तुरीच्या डाळीच्या पोत्यावर, खाली एक जुनी गोधडी. "गरम होतो म्हणून मऊ काहीतरी घातलं," बाबा म्हणाले.

आता इथे जरा इंजिनियरगिरी करतो, सहन करा. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा आत ओढतात आणि बाजूने किंवा मागून बाहेर टाकतात. मधे तांब्याची नळी प्रोसेसरची उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि पंखा त्या जाळीतून हवा फुंकतो. प्रोसेसर आणि ती नळी यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा थर असतो, तो काही वर्षांनी वाळून कडक होतो. गोधडीने खालची भोकं बंद केली, धुळीने जाळी बंद केली, पेस्ट वाळली. उष्णता जाणार कुठे?

अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवतो. माझ्या आय-फाइव्हची मर्यादा १०० अंश. तिथे पोचला की तो आपला वेग पाडतो. एरवी ३.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा प्रोसेसर मी तपासला तेव्हा ०.८ वर रांगत होता. तरीही तापमान उतरलं नाही तर मशीन बंद. म्हणजे आपण ज्याला 'जुना झाला, स्लो झाला' म्हणतो, तो बऱ्याचदा फक्त गुदमरलेला असतो. हे बाबांना समजावत होतो तर ते मधेच म्हणाले, "म्हणजे आंब्याची अढीच की! गवतात दाबून ठेवला की आतून तापतो. आणि कांदा चाळीत खाली फळ्या टाकून वारा खेळवतात." चार वर्षांचं माझं इंजिनियरिंग त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

तपकीर गल्लीत एका छोट्या दुकानात गेलो. त्या माणसाने समोरच तळ उघडला, आधी बॅटरीची वायर काढली, पंखा बाहेर घेतला. पंखा आणि जाळीच्या मधे करड्या रंगाचा चक्क नमद्यासारखा थर! त्यात डाळीची फोलपटं, सुतळीचे धागे. तो म्हणाला, "दादा, दळण टाकलं होतं का यात?" साफसफाई आणि नवी पेस्ट मिळून साडेआठशे रुपये. घरी येऊन तोच टेस्ट लावला. ९८-१०० वरून तापमान ७६ वर आलं, आणि वेग पडणं बंद. दहा मिनिटं मी नुसता तो आकडा बघत बसलो होतो.

माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालंय. आपण आयटीवाले या बाबतीत सगळ्यात जास्त दोषी आहोत. ऑफिसमध्येही हेच करतो ना? सर्व्हिस स्लो झाली, लॉग कोण बघणार, मोठा सर्व्हर घ्या. बिल कंपनी भरते. घरी बिल आपण भरतो, पण सवय तीच. 'अपग्रेड' हा शब्द इतका छान वाटतो की त्याआधी 'निदान' नावाची पायरी असते हेच विसरायला होतं. आणि नवा लॅपटॉप घेतला असता तर तोही त्याच गोधडीवर बसला असता! दोन उन्हाळ्यांत पुन्हा तिथेच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे नवा घ्यायचाच नाही का? घ्यायचा की. बॅटरी फुगली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल तर कसलीही काटकसर नको, त्याच दिवशी वापर थांबवा, तो प्रकार धोकादायक आहे. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर पंखा साफ करून काय होणार? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि सातव्या जनरेशनपर्यंतच्या बहुतेक इंटेल मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, हेही कारण खरं आहे. (आमचा आठवीचा म्हणून काठावर वाचला.) पण ही सगळी वेगळी कारणं आहेत. नुसतं 'तापतो' हे कारण नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की आहे ते जपणं हा शुद्ध व्यवहार आहे.

आणि हो, घरी साफ करणार असाल तर लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः उघडू नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बूस्ट बंद होतो. बाबांच्या लॅपटॉपवर मी तेच करून ठेवलंय. बिलं करताना फरक कळतसुद्धा नाही.

गाळ्यावर आता फळांच्या पेटीच्या चार फळ्या ठोकून स्टँड केलाय, गोधडी घरी परत आली. दुपारी दोन ते चार, पोती उतरत असताना, लॅपटॉप बंद करून कपाटात. तेवढा वेळ वही. ६८ हजारांचं कार्ट मी रिकामं केलं, हे बाबांना सांगितलंही नाही. त्यांनी मात्र साडेआठशेची पावती मागून घेतली आणि शेठच्या वहीत 'दुरुस्ती' खात्यावर टाकली.